मॉडेल रेल्वे स्वतः बांधण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे भोर घाटाच्या एका तुकड्याचं मॉडेल आहे. ते पाहायला येणारे आणि फोनवर विचारणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न अगदी नवख्यांसाठी आहेत, शेवटचे ज्यांच्या टेबलावर रूळ पडले आहेत त्यांच्यासाठी.

१. खेळण्यातली आगगाडी आणि मॉडेल रेल्वे, फरक काय?

प्रमाणाचा. खेळण्यातलं इंजिन इंजिनासारखं दिसलं की पुरतं. मॉडेलमध्ये सगळं एकाच मापाने लहान केलेलं असतं. एचओ नावाचं प्रमाण १:८७ असतं, म्हणजे खऱ्या वस्तूचा सत्त्याऐंशीवा भाग. त्यात साडेपाच-पावणेसहा फुटांचा माणूस जेमतेम २ सेंटिमीटर होतो, आणि आपला निळा आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचा) डबा सुमारे साडेचोवीस सेंटिमीटर. मग दार, पायरी, प्लॅटफॉर्मची उंची, विजेचा खांब हे सगळं त्याच हिशेबात बसवावं लागतं. गाडीचा वेगसुद्धा. ताशी ६० किलोमीटरची गाडी एचओमध्ये सेकंदाला फक्त १९ सेंटिमीटर जाते. नवीन माणूस गाडी नेहमी फार जोरात पळवतो. ती हळू चालवून बघा, एकदम खरी वाटायला लागते.

२. एवढा वेळ घालवून यातून नक्की मिळतं काय?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. ‘मन रमतं’ एवढं उत्तर मला पुरत नाही. मन टीव्हीसमोरही रमतं. मला मिळालेली गोष्ट वेगळी आहे. एखादी वस्तू तशी का आहे, हे इथे हातांना कळतं.

‘खेकडा’ घ्या. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात घाटातल्या मालगाड्यांसाठी आलेलं विजेचं इंजिन, मध्ये उंच केबिन आणि दोन्ही बाजूंना लांब, बुटकी नाकं. लहानपणी मुंबईच्या यार्डात ते शंटिंग करताना पाहिलं होतं आणि त्याचं रूप डोक्यात बसलं होतं. प्लास्टिकच्या पातळ शीटमधून ते बनवायला घेतलं, तेव्हा पहिल्या वेळी अख्खी बॉडी एकसंध जोडली. वळणावर ठेवलं तर पोट आतल्या बाजूला आलं आणि बोगद्याच्या तोंडाला घासलं. बोगदा रुंद करायचा मोह झाला. केला नाही. दोन्ही नाकं करवतीने वेगळी कापली, खाली पिन घालून बिजागरीसारखी बसवली आणि परत वळणावर ठेवलं. इंजिन वळणाबरोबर वाकलं. फोटोत मला ती आकाराची लकब वाटत होती. घाटातल्या वळणांवर लांब इंजिन नेण्यासाठी ते मुळातच तीन तुकड्यांत बांधलंय, हे त्या रात्री बोटांना कळलं. सीएसएमटीच्या हेरिटेज गल्लीत एक खेकडा उभा आहे. पुढच्या वेळी गेलो तेव्हा तासभर त्याच्या सांध्यांकडेच बघत होतो.

दुसरं मिळतं ते म्हणजे नजर. मी पहिल्यांदा रूळ टाकले तेव्हा खडी करडी, स्लीपर काळे आणि रूळ चंदेरी रंगवले, कारण डोक्यात ते तसेच होते. मग कर्जतच्या फलाटावर नुसता उभा राहून पाहिलं. रुळाचा फक्त माथा चकाकतो, बाजू चॉकलेटी असतात. गाड्या जिथे थांबतात तिथली खडी ब्रेकच्या भुकटीने तपकिरी झालेली असते, इंजिन उभं राहतं तिथे तेलाचे काळे डाग असतात, आणि फलाटाच्या टोकाला, जिथे कोणी थांबत नाही, तिथे ती खरोखर करडी राहते. आयुष्यभर लोकलने गेलो, पण हे दिसलं नव्हतं. आता दिसायचं थांबत नाही.

तिसरी गोष्ट थोडक्यात सांगतो. इथली बहुतेक चूक दुरुस्त होते. पाणी मारलं की फेविकॉलने बसवलेली खडी सुटते, सोल्डर (तार जोडणारा धातूचा डाग) तापवलं की तार निघते. दिवसभराच्या नोकरीत ही सवलत फार ठिकाणी मिळत नाही.

३. एचओ, ओओ, एन यांतलं कोणतं प्रमाण घ्यावं?

हाताने बांधण्याची हौस असेल तर एचओ. ओओ म्हणजे १:७६, ते मुख्यतः ब्रिटिश मॉडेलांसाठी, आणि रूळ मात्र एचओचेच, दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. एन म्हणजे १:१६०, रूळ ९ मिलिमीटरचे. त्यात डोंगर, दरी, लांब गाडी असा मोठा देखावा छोट्या जागेत मावतो, पण खिडकीच्या चौकटी बनवताना डोळ्यांची परीक्षा होते. झेड १:२२० आहे, ते पहिल्या मॉडेलसाठी सुचवणार नाही. नॅरोगेजचं मनात असेल तर आधी प्रश्न १२ वाचा, तिथे उत्तर बदलतं.

४. वन बीएचकेमध्ये राहतो. जागाच नाही. जमेल का?

जमेल. मोठं वर्तुळ डोक्यातून काढून टाका. १२० बाय ३० सेंटिमीटरची फळी घ्या, कपाटावर ठेवता येईल अशी. तिच्यावर एक छोटं यार्ड करा.

तीन सायडिंगचं (डबे उभे करायच्या बाजूच्या रुळांचं) एक जुनं शंटिंगचं, म्हणजे डबे पुढेमागे हलवून लावण्याचं, कोडं आहे, इंग्लंडमध्ये त्याला इंगलनूक म्हणतात. एका सायडिंगमध्ये ५ डबे मावतात, उरलेल्या दोघींत ३-३. एकूण डबे ८. त्यांतून चिठ्ठ्या टाकून ५ डब्यांची गाडी ठरलेल्या क्रमाने लावायची. पुढच्या मोकळ्या रुळावर मात्र इंजिन आणि ३ डबे एवढंच मावलं पाहिजे, नाहीतर कोड्यात काही राहत नाही. अशा ६,७२० वेगवेगळ्या गाड्या होतात. गाडी गोल फिरताना पाच मिनिटांत पाहून होते. हे यार्ड वर्षानुवर्षं पुरतं. फक्त छोटे चार चाकी वॅगन घ्या, लांब बोगी डबे या मापात बसणार नाहीत.

५. खूप महाग छंद आहे का?

इंजिन, रूळ आणि सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे पॉइंट) महाग आहेत, कारण ते बहुतेक बाहेरून येतात. बाकी सगळं घरातून, हार्डवेअरच्या दुकानातून आणि स्टेशनरीच्या दुकानातून होतं. माझा सल्ला क्रमाबद्दल आहे. आधी इंजिन घेऊ नका. आधी पुठ्ठ्याची एक इमारत बनवा, गँगमनची खोली किंवा फाटकावरची केबिन. तीन रविवार त्यात गेले आणि चौथ्या रविवारी परत बसावंसं वाटलं, तर रुळांवर पैसे घाला. इंजिन घेऊन बसलेले आणि पुढे काहीच न बांधलेले लोक मी बरेच पाहिलेत, त्यांची इंजिनं डब्यातच आहेत.

६. माझी चित्रकला वाईट आहे, हातात कला नाही. मला कसं जमेल?

दिवाळीत किल्ला केला होता का? मग तुम्ही निम्मं काम केलेलं आहे. विटा-दगड रचून त्यावर पोतं टाकणं, चिखल लिंपणं, अळीव-मोहरी पेरून गवत उगवणं, शिवाजी महाराजांना सिंहासनावर आणि मावळ्यांना बुरुजावर नेमक्या जागी ठेवणं, हे लँडस्केपचंच काम आहे. आपल्याकडे हे पिढ्यान्‌पिढ्या मुलं करत आली आहेत. मॉडेल रेल्वेत पोत्याच्या जागी प्लास्टरची पट्टी येते, एवढाच फरक.

चित्र काढता येणं इथे फार लागत नाही. मोजता येणं, थांबता येणं आणि एकच काम दहा वेळा करता येणं लागतं. रुळाला तारेचा डाग लावताना माझे पहिले वीस डाग लोंबत्या थेंबांसारखे झाले होते. तेव्हा मी नुसतं सोल्डर तापवत होतो. खरं तर तार तापवायची असते, सोल्डर मग आपोआप तिच्यात ओढलं जातं. एकविसावा डाग चपटा आणि चमकदार बसला. हे वाचून समजतं, पण येतं ते वीस थेंब पडल्यावरच.

७. खडी, डोंगर, गवत कशाचं करायचं?

माझं आवडतं काम, म्हणून जरा सविस्तर.

डोंगरासाठी थर्मोकोलचे थर एकमेकांवर चिकटवा आणि सुरीने उतार तासा. तापलेल्या तारेने कापत असाल तर खिडक्या उघड्या ठेवा, तो धूर घशाला चांगला नाही. वर पीओपीत बुडवलेल्या गॉजच्या पट्ट्या. आपल्या घाटाचा दगड बेसॉल्टचा आहे, त्यात आडव्या पायऱ्या दिसतात. म्हणून पीओपी अर्धवट सुकलेलं असताना सुरीचं पातं आडवं ओढून थर पाडा. परदेशी व्हिडिओ पाहून टोकदार, उभे कडे केले तर रंग कितीही चांगला दिला तरी तो सह्याद्री दिसत नाही.

गवताला वाळवलेला चहाचा चोथा आणि रंगवलेला लाकडाचा भुसा. चोथा कडक उन्हात पूर्ण वाळवा, नाहीतर बुरशी येते. घाट आठ महिने हिरवा नसतो, हे विसरू नका. मी माझा घाट मार्चमधला केलाय, पिवळट गवत आणि मध्येच एखादा लाल पळस.

खडी. खऱ्या रुळाखालची मोठी खडी सुमारे ६५ मिलिमीटरची असते, म्हणजे एचओमध्ये पाऊण मिलिमीटरपेक्षा लहान हवी. पुष्कळ जण रवा वापरतात. वापरू नका, मुंग्या लागतात आणि पावसाळ्यात भुरा येतो. बांधकामाच्या जागेवरून क्रशरची कच मूठभर मागून आणा, धुवा, वाळवा, रव्याच्या चाळणीने आणि मग मैद्याच्या चाळणीने चाळा. मधलं जे उरतं ते तुमचं. खऱ्या रुळाखाली जो दगड आहे तोच दगड. पण टाकण्यापूर्वी कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक त्यातून फिरवा. आपल्या काळ्या दगडात लोहाचे कण असतात. चुंबकाला लागलेली काळी पूड पाहाल तेव्हा पटेल. ती राहिली तर इंजिनाच्या मोटरमध्ये जाऊन बसते.

खडी चमच्याने रुळांमध्ये टाका, मऊ कुंचल्याने स्लीपरवरून खाली लोटा. मग पाण्यात भांड्याच्या लिक्विड सोपचा एक थेंब घालून स्प्रेने नुसतं दमट करा. नंतर फेविकॉल आणि पाणी निम्मं निम्मं, त्यातही साबणाचा थेंब, ड्रॉपरने एकेक टिपका सोडा. साबण नसेल तर टिपका खडीवर मोत्यासारखा उभा राहतो आणि घरंगळताना खडी घेऊन जातो. असेल तर दुधासारखा आत मुरतो. तो मुरताना बघणं हे या सगळ्या कामातलं माझं सर्वांत आवडतं दृश्य आहे. चोवीस तास हात लावू नका.

८. तयार इंजिन विकत घेतलं तर मेहनतीचा आनंद कमी होतो का?

नाही. मोटर आणि गिअर तयार घ्यावेत असंच माझं मत आहे, कारण चांगली चालणारी गाडी असली की बाकीचं करायला हुरूप येतो. पण त्यातली एक तरी गोष्ट स्वतः करा. आवाज, उदाहरणार्थ. आपल्याकडे जुने रूळ १३ मीटरचे होते, एचओमध्ये ते १५ सेंटिमीटर होतात. दर १५ सेंटिमीटरवर रुळाच्या माथ्यावर बारीक करवतीने हलकी खाच पाडा. गाडी तुमच्या टेबलावर ‘खडक-खडक’ करत जाईल. खऱ्या मुख्य मार्गावर रूळ वेल्ड झाल्यापासून हा आवाज जवळजवळ गेला आहे.

९. खऱ्या स्टेशनची मापं कशी घ्यायची? रुळावर उतरावं लागतं का?

रुळावर मुळीच उतरू नका. जिवाचा धोका आहेच, शिवाय रेल्वे अधिनियम १९८९च्या कलम १४७ प्रमाणे तो गुन्हा आहे. फलाटावरून आणि पादचारी पुलावरूनच पाहायचं.

मापपट्टी तुमच्या समोरच पडलेली असते. ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर १,६७६ मिलिमीटर, हे कुठेही बदलत नाही. फोटोत ते आडवं मोजा आणि त्यावरून त्याच अंतरावरची इतर मापं काढा. भिंतींसाठी विटांचे थर मोजा. कर्जतच्या एका जुन्या दगडी भिंतीसाठी मी दगडांच्या ओळी मोजत बसलो होतो, तेव्हा शेजारच्या बाकावरचे एक आजोबा आपणहून सांगायला लागले, पूर्वी इथे वाफेच्या इंजिनांना पाणी देणारा स्तंभ कुठे होता. तो आता माझ्या मॉडेलवर आहे.

१०. गाडी अडखळते, मध्येच थांबते. काय करू?

दहातल्या नऊ वेळा घाण. चाकं आणि रुळाचा माथा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा. पॉलिश पेपर लावू नका, ओरखड्यांत काजळी आणखी लवकर बसते. पुसूनही तीच जागा अडवत असेल तर दोन रूळ जोडणारी जोडपट्टी सैल असते. प्रत्येक दोन-तीन रुळांमागे वीज देणारी वेगळी तार खालून जोडा, जोडपट्टीच्या भरवशावर राहू नका.

आपला पावसाळा हे वेगळं प्रकरण आहे. माझी पहिली फळी साध्या प्लायची होती. दोन्ही बाजूंना सीलर लावला नव्हता. ऑगस्टमध्ये मधोमध फुगवटा आला आणि डबे तिथे नेमाने घसरायला लागले. मी महिनाभर चाकांना दोष देत होतो. वॉटरप्रूफ प्लाय घ्या, खालून लाकडी चौकट द्या, खालची बाजूही रंगवा.

११. गाडी फिरून त्याच रुळावर उलटी यावी असा लूप केला, तर शॉर्ट होतं. का?

दोन रुळांच्या पद्धतीत डावा रूळ विजेच्या एका टोकाला जोडलेला, उजवा दुसऱ्या टोकाला. लूप फिरून स्वतःलाच मिळतो तेव्हा डावा उजव्याला भिडतो. लूपच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ कापून प्लास्टिकची जोडपट्टी बसवा. तो तुकडा वेगळ्या डीपीडीटी स्विचवर (विजेची दोन टोकं उलटसुलट करणाऱ्या) घ्या आणि गाडी पूर्ण आत आल्यावर मुख्य मार्गाची दिशा बदला. डीसीसी (गाड्या डिजिटल आज्ञांनी चालवण्याची पद्धत) असेल तर हे आपोआप करणारं मॉड्यूल मिळतं. सांध्याच्या बेचक्यात, जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात, होणारं शॉर्ट वेगळं, तिथे आधी चाकांमधलं अंतर तपासा.

१२. भारतीय ब्रॉडगेज एचओच्या रुळावर चुकीचं दिसतं म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे. १,६७६ ला ८७ ने भागलं तर १९.२६ मिलिमीटर येतात, आणि बाजारातला रूळ १६.५ चा. म्हणजे आपली गाडी अरुंद पायांवर उभी राहते. समोरून पाहिलं तर जाणवतं, बाजूने नाही. चालती गाडी हवी असेल तर हे मान्य करा. मी केलं आहे. फलाटाची कड आणि खडी थोडी आत घेतली की डोळा फसतो. फक्त उभं मॉडेल करायचं असेल तर मात्र तांब्याचा थर असलेल्या पट्ट्यांवर रूळ सोल्डर करून खऱ्या मापाचा ट्रॅक हाताने घाला. त्या कामातलं समाधान मोठं आहे.

आता अपवाद, आणि तो फार छान आहे. बार्शी लाइट रेल्वे किंवा मूर्तिजापूरची शकुंतला या २ फूट ६ इंची, म्हणजे ७६२ मिलिमीटरच्या गाड्या होत्या. १:८७ मध्ये ते ८.७६ होतात, एनचा ९ मिलिमीटरचा तयार रूळ जवळपास अचूक बसतो. मोठं काम हवं असेल तर १:४८ घ्या. त्यात एचओचाच १६.५ चा रूळ ७९२ मिलिमीटर दाखवतो, ३ सेंटिमीटरचा फरक डोळ्याला कळत नाही. माथेरानची गाडी २ फुटी आहे, ६१० मिलिमीटर, १:८७ मध्ये ७. त्यासाठी झेडचा साडेसहाचा रूळ चालतो. भारतीय मॉडेल अचूक करायचं असेल तर नॅरोगेजइतकी सोपी वाट नाही, आणि महाराष्ट्रात त्याचे विषय भरपूर आहेत.

१३. वय ६८. हात थोडा थरथरतो. आता सुरू करू का?

जरूर. १:४८ घ्या (प्रश्न १२). दोन्ही कोपरं टेबलावर टेकवा, वस्तू हातात न धरता लहान शिकंज्यात धरा, भिंगाचा दिवा लावा. प्रत्यक्ष काम पाहायचं असेल तर पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभं केलेलं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ साली ते लोकांसाठी खुलं झालं. तिथे जाऊन गाड्यांकडे कमी आणि सिग्नल, रस्ते, इमारती एकमेकांशी कशा जोडल्या आहेत त्याकडे जास्त बघा.

१४. मुलांना हात लावू द्यावा का?

काम वाटून द्या. माझा आठ वर्षांचा भाचा माझ्या घाटात पॉइंट्समन, म्हणजे सांधे बदलणारा, आहे. घाट उतरणाऱ्या गाडीसाठी कॅच साइडिंग असते. सांधा कायम डोंगरावर चढणाऱ्या रुळाकडे लावलेला, गाडी आधी थांबली तरच मुख्य मार्ग मिळतो. ब्रेक निकामी झालेली गाडी चढावर जाऊन आपोआप थांबते. हे मी त्याला समजावलं नव्हतं. एकदा मी गाडी न थांबवता आणली, ती चढावर गेली आणि थबकली. ‘मामा, म्हणूनच का?’ एवढंच तो म्हणाला. सोल्डरिंग आणि कटर मात्र मोठ्यांकडेच.

१५. सहा महिन्यांनी कंटाळा आला, अर्धवट पडलंय. सोडून देऊ?

आधी झाकून ठेवा, धूळ बसू देऊ नका. मग फळीचा अर्धा फूट निवडा आणि तेवढाच पूर्ण करा. अगदी फलाटावरच्या वडेवाल्याच्या टोपलीपर्यंत. माझी ती टोपली ५ मिलिमीटरची आहे, सुतळीचे धागे विणून केलेली, त्यात मोहरीला पिवळट रंग देऊन ठेवलेले वडे. तिला दोन संध्याकाळी लागल्या आणि त्यानंतर उरलेला फलाट तसाच उघडा बघवेना.

१६. भाड्याचं घर आहे, बदली होते. मोडावं लागलं तर?

सुरुवातीपासून फळी एक-सव्वा मीटरच्या तुकड्यांत बांधा, मध्ये बोल्ट, तारांना प्लग. रूळ जोडावर सरळ कापा आणि दोन्ही टोकं स्क्रूच्या डोक्यावर सोल्डर करा, म्हणजे हलवताना वाकत नाहीत. मी हे पहिल्या मॉडेलला केलं नव्हतं. घर बदलताना ते करवतीने कापावं लागलं. त्या वेळी सांधे, सिग्नल, इमारती आणि झाडं सोडवून घेतली, खडीला कोमट पाणी मारून रूळही वाचले. डोंगर नेता आला नाही. तुमच्यावर ही वेळ आली तर कापण्यापूर्वी प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढा, पट्टी शेजारी ठेवून. पुढचा डोंगर करताना मला त्यांचाच सर्वांत जास्त उपयोग झाला.